थेट कृतीकडे जा

ब्लॉग लिहायला शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गातल्या बाई म्हणाल्या, "लॉर्ना, पाककृतीच्या आधी लांबलचक गोष्ट लिहायची. लोक जितकं खाली सरकवत जातील तितक्या जाहिराती दिसतात, तितके डॉलर पडतात."

माझा नवरा गॅरेट सोफ्यावरूनच हसला. "एवढं चऱ्हाट वाचतंय कोण? सगळे थेट कृतीवर उडी मारतात."

त्याच्या त्या बोलण्यावर विसंबूनच, सफरचंदाच्या केकच्या आधी मी सगळं लिहून टाकलं. मनगटावरचे वळ, त्याने लपवलेल्या माझ्या गाडीच्या किल्ल्या, गॅरेजमधल्या रंगाच्या रिकाम्या डब्यात त्या मला कशा सापडल्या, आणि रविवारी तो हरणांच्या शिकारीला गेला की मी कशी निघणार आहे. वाटलं, तो तर वाचणार नाही, पण एखादी तरी बाई वाचेल.

प्रतिक्रिया भराभर आल्या. "सफरचंदांऐवजी पेअर चालतील का?" "साखर निम्मी केली तर?" "आमच्याकडे कडा करपल्या."

शेवटची आत्ताच आली.



"मी शेवटपर्यंत वाचलं गं. किल्ल्या आता त्या डब्यात नाहीत."