काळी चेरी

तापातून उठल्यापासून तिच्या नवऱ्याला कसलाच वास येत नव्हता. हल्ली मात्र “येतो गं आता,” म्हणायला लागला होता. लग्नाच्या वाढदिवशी त्याने जपून ठेवलेली रेड वाइन उघडली, ग्लास फिरवला, त्यात नाक खुपसलं. “काळी चेरी. मागून जरासं चामडं.” तिनेही हुंगलं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास! बूच बिघडलेली बाटली अशी ओळखायची आणि सरळ मोरीत ओतायची, हे त्यानेच शिकवलं होतं. एरवी त्याने चेरी म्हटलं की ती हटकून मनुका म्हणायची आणि बाटली संपेपर्यंत भांडायची. आज मुकाट्याने घोट गिळून ती म्हणाली, “अगदी चेरी.” त्याने ग्लास खाली ठेवला. “लग्नापासून माझी एकही चेरी तू मान्य केली नाहीस. ओत बाटली मोरीत.” ती उठली, तसा तो म्हणाला, “थांब. आधी वास कसला येतोय ते सांग. सावकाश सांग.”