अपिलाला लावायचा फोटो

गल्लीच्या तोंडाशी पापड वाळत घातलेल्या खाटेआड दिपेश उभा होता आणि मोबाइलमधून स्वतःच्याच बायकोकडे बघत होता.

करिष्मा उंबऱ्यात बसली होती. पुढ्यात जीन्सचा ढीग. एक पँट मांडीवर ओढायची, शिलाईतून लोंबणारे दोरे कटरनं टचटच उडवायचे, पँट उलटी करायची, बाजूला टाकायची, की पुढची. उल्हासनगरात याला धागा कटिंग म्हणतात आणि ते घरोघरी चालतं. दिपेशच्या वकिलांना नेमकं हेच हवं होतं.

उल्हासनगरच्या कोर्टानं करिष्माला आणि पोरीला पोटगी लावली होती. त्यावर दिपेशनं कल्याणला अपील केलं होतं. बायको कमावती आहे, तिला पोटगीची गरज नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. गेल्या तारखेला जजसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, कमावते म्हणता, पण पुरावा कुठे आहे? बाहेर आल्यावर वकील म्हणाले, पुढच्या तारखेला काम करतानाचा फोटो नसेल तर खालच्या कोर्टाचा आदेश कायम झालाच म्हणून समज. दिपेश तरी कुठं मजेत होता? अंबरनाथच्या कंपनीनं ओव्हरटाइम बंद केला होता, बदलापूरच्या फ्लॅटचा हप्ता काही थांबत नव्हता, आणि आईनं हल्ली दूध सोडलं होतं. पचत नाही, असं ती सांगायची.

मोबाइलमध्ये करिष्मा मुंगीएवढी दिसत होती. चेहरा तर ओळखूच येत नव्हता. तो जरा पुढं सरकला.

"किसको ढूंढता है, पुट?" पापड उलटायला आलेल्या सिंधी म्हातारीनं मोठ्यानं विचारलं.

त्यासरशी जीन्सच्या ढिगामागून एक डोकं वर आलं. त्याची सहा वर्षांची चिमी. त्याला बघताच ती अनवाणी धावत सुटली. पप्पा आले, पप्पा आले, असं समोरच्या टपरीवाल्याला आणि वाटेतल्या कुत्र्यालाही सांगत ती आली, त्याचं बोट धरलं आणि त्याला ओढतच दारात घेऊन गेली.

करिष्मा उठली. तिनं आधी त्याच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. अख्खी गल्ली कान टवकारून होती, पण तिनं आवाज चढवला नाही. आईंचे गुडघे कसे आहेत, एवढं विचारलं. बरे आहेत, तो म्हणाला. ती परत कामाला बसली.

"कोर्टासाठी ना?" कटर उचलत ती म्हणाली.

दिपेश पाणी पीत राहिला. तांब्या रिकामा झाला तरी त्यानं तोंडाचा काढला नाही.

"मग चोरून कशाला? इथूनच घ्या. मी काय लपवलंय? काम करते, किती मिळतात, सगळं सांगितलंय मी कोर्टात. तुमच्या वकिलांनी वाचलं नसेल तर मी काय करू?"

ढीग बाजूला सारून ती सरकली आणि उजेडात बसली.

चिमीला त्यातलं फोटो तेवढंच कळलं. तिनं पाण्याचा हात केसांवरून फिरवला, आईला चिकटून बसली आणि एक पँट स्वतःच्या मांडीवर ओढली. चटईखाली दुसरा कटर होता, तो तिनं न बघताच काढला. जीभ दातांत धरून टच, टच, दोरे उडवायला लागली. तिचा हात चांगला बसलेला होता.

"चिमे, ठेव ते."

करिष्माचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. तिनं पोरीच्या हातातला कटर हिसकावला, तिला पाठीमागं ढकललं.

"ती नाही करत हां. रोज शाळेत जाते. कधीतरी आपली, खेळ म्हणून..." मग ती हळू म्हणाली, "तिला नका घेऊ. माझे घ्या पाहिजे तेवढे. उद्या तिथं म्हणाल, पोरीला कामाला लावते, पोरगी आमच्याकडे द्या."

हे दिपेशच्या डोक्यातही नव्हतं. वकिलांच्या डोक्यात मात्र फोटो बघताक्षणी येईल, हे त्याला तिथल्या तिथं कळलं.

त्यानं मोबाइल वर धरला. करिष्मा आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशी ताठ बसली, मांडीवर पँट, हातात कटर. त्यानं फोटो काढला.

"ती नाही ना आली?" करिष्मानं लगेच विचारलं.

"पप्पा, मी आले ना?" चिमी तिच्यामागं टाचा उंचावून उभी होती.

दिपेशनं मोबाइल उन्हाआड धरून बघितलं. फोटो स्वच्छ आला होता. करिष्माचा चेहरा, जीन्सचा ढीग, कटर, सगळं. आणि तिच्या खांद्यावर, मागून घट्ट धरलेली चार इवली बोटं. जीन्सच्या रंगानं नखांपर्यंत निळी झालेली.

त्यानं मान वर केली. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.