शनिवारचा सत्कार

"उद्याच परत जायचं?" ब्रॉन्विनचा एक बूट पायात होता, एक हातात. "आपण काल संध्याकाळी आलोय, डार्सी."

"सत्कार उद्या दोनला आहे. सकाळी सहाला निघालो तर पोचतो."

फोन नुकताच येऊन गेला होता. कार्डेल गावच्या रेडर्स या आइस हॉकी संघाचे कोच मर्व हॅल्डेन गाव सोडून चालले होते. शेजारच्या प्रांतात हॉकीची नवी निवासी शाळा निघाली होती. तिथे ते सव्वाशे मुलांचे प्रमुख होणार, तिथेच राहणार. म्हणून पुढच्या महिन्यातला सत्कार अलीकडे ओढला होता. गावातल्या बर्फाच्या मैदानाला, रिंकला, त्यांचं नाव द्यायचं होतं, आणि जुना कप्तान म्हणून डार्सीने चार शब्द बोलायचे होते.

"आणि तू लगेच हो म्हणालास. मला न विचारता."

"हो."

ब्रॉन्विन हॉस्पिटलात नर्स होती. महिनाभर जादा पाळ्या करून तिने चार दिवस सुट्टी मिळवली होती. बुधवारी लग्न झालं, गुरुवारी ते मधुचंद्राला जॅस्परला आले. लाकडी खोली, खिडकीतून दिसणारे डोंगर, गोठलेलं तळं, आणि रविवारपर्यंत कुणाचं काही ऐकायचं नाही, असं ठरलं होतं.

"मग लग्न त्या रेडर्सशीच लावायचं होतंस," ती म्हणाली. "मला कशाला मध्ये आणलंस?"

 डार्सी कोट चढवून बाहेर गेला. मालकाचं फावडं घेऊन त्याने आधी स्वतःच्या दारातला बर्फ काढला, मग शेजारच्या दोन खोल्यांपुढचा, मग सगळ्या आवारातला. कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीतून ती बघत राहिली. फावडं तो असं आपटत होता की खालची खडी उडत होती.

रागवायचं मी, आणि आदळआपट याची, असं तिच्या मनात आलं.

दोन वर्षांत तिला या वेडाची सवय झाली होती, पण ते गळी उतरलं नव्हतं. गावातल्या प्रत्येक सामन्याला डार्सी हजर. अकरा वर्षांत एकही चुकला नव्हता. तिच्या बहिणीच्या साखरपुड्याला आला नाही, सामना होता. तापाने फणफणलेला असतानाही गेला. सामना संपून गाव झोपायला लागलं तरी हा तिथेच, खेळाडूंच्या खोलीबाहेर, शेवटचं पोर घरी जाईपर्यंत. एकदा ती चिडून म्हणाली होती, "तीस वर्षांचा बाप्या तू, सतरा वर्षांच्या पोरांच्या मागे काय फिरतोस?" त्यावर तो दोन दिवस बोलला नव्हता.

शनिवारी सकाळी तिने बॅगा गाडीत अक्षरशः फेकल्या. शंभर किलोमीटर ती खिडकीबाहेर बघत बसली.

"भाषण लिहिलंस?" शेवटी तिने विचारलं.

"पाठ आहे."

"असणारच. रोज आरशासमोर म्हणत असशील."

"हो," तो म्हणाला. "बरीच वर्षं."

ती कुत्सित हसली. "काय रे, हा हॅल्डेन तुझा लागतो तरी कोण? बाप?"

डार्सीने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो समोर बघत राहिला. 

"त्याला माझा बाप म्हणायचं नाही," तो हळू म्हणाला. "परत कधीच नाही."

ब्रॉन्विन वरमली. डार्सी पंधरा वर्षांचा असताना त्याचे वडील ट्रॅक्टरखाली गेले होते. त्यानंतर हॅल्डेननेच त्याला पंखाखाली घेतलं, असं त्याची आईच सांगायची.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव."

"राहू दे," डार्सी म्हणाला आणि गाडी सुरू केली.

रिंक खचाखच भरलं होतं. कॉफीचा आणि ओल्या हातमोज्यांचा वास सुटला होता. बायकांनी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळून आणल्या होत्या. बर्फावर लाल गालिचा, त्यावर टेबल, टेबलामागे हॅल्डेन. पांढरे केस, रेडर्सचा हिरवा कोट. लोक रांगेने हात मिळवत होते. पुढच्या दोन बाकांवर यंदाचे खेळाडू बसले होते, काहींना मिसरूडही फुटलं नव्हतं.

"आलास," हॅल्डेन डार्सीला म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मधुचंद्र सोडून आलास लेका. याला म्हणतात निष्ठा."

डार्सीने तो हात उचलून बाजूला केला. लोक हसले, त्यांना ती थट्टा वाटली. ब्रॉन्विनला मात्र वाटलं, आता हा रडतो की काय. अकरा वर्षांच्या भक्तीचा हा शेवटचा अध्याय तिसऱ्या रांगेत बसून बघायला, हाताची घडी घालून, ती तयार झाली. मनात वाक्य ठरलं होतं: घरी गेल्यावर मी माझ्या आईकडे चालले.

डार्सीने माईक हातात घेतला. टाळ्या थांबेपर्यंत तो थांबला. मग पुढच्या बाकांवरच्या पोरांकडे बघून त्याने सुरुवात केली, आवाज न चढवता.

"मी सोळा वर्षांचा होतो. सराव संपला की हा माणूस मला एकट्याला थांबवून घ्यायचा, आणि दाराला आतून कडी घालायचा."