शेवटच्या रांगेपर्यंत

सौदीतल्या जुबैलच्या दोन खोल्यांत रोशनी लहानपणापासून दबक्या आवाजात गात आली, कारण प्लांटवर रात्रपाळी करून बाबा दिवसा झोपत. संगीत नाटक शिकवणाऱ्या कॉलेजने तिला दोनदा नाकारलं. दोन्ही वेळा शेरा तोच: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. कॉमर्सचं एक वर्ष काढून तिने त्याच नाटकाच्या कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज ठोकला. आज ऑनलाइन परीक्षा होती. "हळू हं, बाबा झोपलेत," आई कुजबुजली. "आज नाही," म्हणत रोशनीने नाट्यपद मोकळ्या गळ्याने गायलं. "माइकवर कुणाचाही आवाज घुमतो," पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या. "नाट्यगृहात पोचेल कशावरून?" तेवढ्यात लुंगीतले बाबा डोळे चोळत कॅमेऱ्यासमोर आले. कानांतले केशरी इअरप्लग काढून त्यांनी तळहातावर धरले. "पोरीची परीक्षा म्हणून हे घालून झोपलो, मॅडम. यातून प्लांटचा कंप्रेसरसुद्धा ऐकू येत नाही. हिने उठवलं."