दहा मीटर

इव्हर्टनं चौतीस वर्षं उमेओ शहराच्या बर्फातून चालत टपाल वाटलं. पण गेली दोन वर्षं त्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. विसराळूपणा वाढला, लघवी कपड्यांतच व्हायची. बायको गुनबोर्ग त्याला धरून संडासात न्यायची. “वय झालं,” म्हणत मुलीनं वृद्धाश्रमाचा अर्जही भरला. नवी डॉक्टर म्हणाली, “हे नुसतं वय नाही. मेंदूत पाणी साठलंय. तेच पाणी मणक्यातही उतरतं; पाठीतून सुईनं थोडं काढून बघू. फरक पडला तर ऑपरेशन करता येईल.” पाणी काढलं. दुपारी नर्सनं दहा मीटर चालायला सांगितलं. तो पावलं उचलत गेला आणि खुणेच्या रेघेपुढेही चालतच राहिला. गुनबोर्ग सवयीनं मागे धावली. संडासाच्या दारात तो वळला. “तू कुठे निघालीस? बाहेर थांब!” आतून कडी लागली. नर्स घाबरली, “आत एकटेच?” “हो,” गुनबोर्ग डोळे पुसत म्हणाली, “मला हाकललं त्यानं.”