देवाच्या घरात असलं

चर्चच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे उभं राहून देवाचे आभार मानायची वेळ होती. पाटोळेकाकांनी मुलाच्या कॅनडाच्या व्हिसाबद्दल प्रभूचे आभार मानले. मग मी उभी राहिले.

“प्रभूचे आभार, आज सकाळी मला लघवी झाली.”

बायकांनी तोंडाला पदर लावले. पाळकसाहेब म्हणाले, “ताई, देवाच्या घरात असलं बोलू नये.”

“का? दोन वर्षं डायलिसिसवर होते, एक थेंब होत नव्हता. भावाची किडनी बसवलीय. तुम्ही रोज जाऊन येता, कधी आभार मानलेत? मी दर रविवारी मानणार!”

पाटोळेकाका पुन्हा उठले. “पोरी, माझ्यासाठीही प्रार्थना कर. चार महिने अडतंय, लाजेनं कुणाला सांगितलं नाही.”

पाळकसाहेबांची वाट न पाहता मी ‘लघवी’ हाच शब्द घेऊन मोठ्यानं प्रार्थना सुरू केली.