दूध संस्थेतला फळा

"झोप लागती का, मॅडम?" मंजुळाबाईंनी विचारलं.

शिवकांता वैतागली. प्रश्न विचारायला ती आली होती, आणि तीन आठवडे झाले, उत्तरं मात्र तिलाच द्यावी लागत होती.

"लागते. तुम्ही माझ्या प्रश्नाचं सांगा ना, मावशी. सात वर्षं झाली, या गावात कुणी स्वतःच्या हातानं जीव दिला नाही. आजूबाजूला दर दुष्काळात एखादं घर तरी उजाड होतं. तुमची बायकांची संस्था असं करते तरी काय?"

"दूध घालतो." चेअरमन मंजुळाबाईंनी रिकाम्या कॅनवर फडकं फिरवलं. "फॅट बघायची, कॅन भरायचं, चकलांब्याच्या डेअरीला धाडायचं. औंदा तर दूधबी न्हाई. अजून काय करणार आमी?"

झालं! घ्या आणि लिहा प्रबंधात!

प्रबंधाचा विषय तसा भारदस्त होता. दुष्काळी भागातल्या सहकारी संस्था, स्त्रियांचं नेतृत्व, मानसिक आरोग्य आणि सामाजिक समता. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, या गावाचं उत्तर सापडलं तर प्रबंध, नाहीतर रद्दी. दोन मुदतवाढी संपल्या होत्या. तिसरी मिळणार नव्हती आणि महिना सरत आला होता. तिकडं अंबाजोगाईत किराणा दुकानात बसलेले तिचे वडील गुरुलिंगअप्पा सहा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमची शिवकांता डॉक्टर होणार." त्याच सहा वर्षांत तिचं ठरलेलं लग्न मोडलं, आई गेली. उरला होता तो एवढा प्रबंध. तोही गेला तर अप्पांना तोंड कसं दाखवायचं, हे तिला खरोखर कळत नव्हतं.

बरं, एकटीनं बसून चार ओळी लिहाव्यात, तर तीही सोय नव्हती. सकाळ झाली की विमलबाई डाळ पाखडायचं सूप घेऊन शेजारी ठाण मांडायच्या. दुपारी भिवराबाई यायच्या आणि जेवलीस का, किती जेवलीस, अर्धीच भाकर कावून खाल्ली, असला पंचनामा करायच्या. झोपायला रतनबाईंची वाकळ तिच्या वाकळेला चिकटून. विहिरीकडं पाय मोकळे करायला निघावं, तर कुणीतरी ओरडणारच, "थांबा मॅडम, मी बी येते की!"

या बायांना कामधंदे नाहीत का? होते, ढीगभर होते. जनावरं छावणीत, पाणी टँकरवर, घरात पैशाचा खडखडाट. तरी हिच्यामागं हिंडायला यांना वेळ होता.

ती राहायची त्या संस्थेच्या खोलीत भिंतीला टेकवलेला एक फळा होता. खालचा अर्धा पेंडीच्या पोत्यांआड गेलेला. वरच्या भागात मंजुळाबाई रोज खडूनं लिहायच्या: सकाळ विमल, दुपार भिवरा, रात रतन. टँकरच्या पाळ्या, हे शिवकांतानं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. वहीत नोंदवलंही, 'पाणीवाटपात शिस्त.' मग चार दिवस टँकर गावात फिरकलाच नाही. पाळ्या मात्र लिहिल्या जात होत्याच. तिनं पुढं जोडलं, 'सवयीचा भाग.'

गुरुवारी सरांचा निरोप आला. 'निष्कर्ष नसेल तर येण्याची तसदी घेऊ नये.'

त्या दिवशी ती जेवली नाही. भिवराबाईंनी भाकरीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि भाकरी फडक्यात गुंडाळून त्या तडक मंजुळाबाईंच्या घराकडं गेल्या. लागली चहाडी करायला, शिवकांताच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मात्र ती नीट न्हाली, केस विंचरले, प्रश्नावल्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधला. मनगटावरचं घड्याळ काढून विमलबाईंच्या हातात ठेवलं.

"तुमच्या नातीला द्या. मला आता नको."

विमलबाईंचा हात सुपातच थांबला. "चेअरमनबाई!" त्यांनी हाक मारली. "जरा हिकडं या बरं."

मंजुळाबाई आल्या. घड्याळाकडं बघितलं, मग हिच्याकडं.

"आज लई हलकी दिसतीस गं पोरी."

मॅडमची पोरी कधी झाली, हे शिवकांताच्या ध्यानातही आलं नाही.

"काम संपलं ना, मावशी. निघते आता."

"कुठं?"

"घरी."

खोटं होतं. घरी जायचंच नव्हतं. काय करायचं ते तिनं ठरवलं होतं, आणि ठरल्यापासून छातीवरचा धोंडा उतरला होता. सहा वर्षांत इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आज एसटी न्हाई," विमलबाई म्हणाल्या.

"काल तर होती!"

"काल होती. आज न्हाई."

"मग चालत जाते."

"जाशील गं," मंजुळाबाई शांतपणे म्हणाल्या. "तेवढी पेंड छावणीला धाडायचीय. बाया कमी पडायल्यात. हात लाव, मग तुझं तू बघ."

जाताजाता नाही कशाला म्हणायचं? तिनं पदर खोचला. मंजुळाबाईंनी पोत्याचा एक कान धरला, तिनं दुसरा. एकेक पोतं ओढून छावणीतून आलेल्या दारातल्या बैलगाडीत चढवलं. भिवराबाई आल्या, रतनबाई आल्या. शेवटचं पोतं सरकलं तेव्हा शिवकांताच्या अंगाला घाम सुटला होता. कपाळ पुसत ती वळली आणि समोर पूर्ण फळा उघडा पडलेला दिसला.

खाली ऑइलपेंटनं एक ओळ रंगवलेली होती: 'हिला एकटं सोडायचं न्हाई.' त्याखाली नावं, एकाखाली एक. मंजुळा, सात वर्षांपूर्वीची तारीख, नावावर काट. भिवरा, काट. रतन, काट. विमल, काट. सगळ्यात खाली खडूनं लिहिलेल्या नावावर काट नव्हती: 'शिवकांता, अंबाजोगाई.' पुढं तारीख होती, ती या गावात आली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.